थोरली पळी, धाकटी पळी

माझी आत्या गोष्ट सांगायला लागली की तिच्या हातात जे असेल ते त्या गोष्टीतलं पात्र होतं. कांदा हातात असला तर तो शाळेच्या मोठ्या बाई होतो, लसणीच्या पाकळ्या म्हणजे दुसरीचा वर्ग, आणि सुरी म्हणजे ती स्वतः. ओट्यावर अख्खी शाळा भरते. गेल्या सहा महिन्यांत आमच्या ओट्यावर इतकं काही घडलं की मी संध्याकाळी उशिरा घरी यायचंच सोडून दिलं. न जाणो, आपण नसताना पुढचा भाग होऊन जायचा.

आत्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य. एकोणीस वर्षं झाली. दोनशे चौदा मुलं, दुपारचं एक जेवण, तीन शेगड्या, आणि हाताखाली एक सासू आणि तिचीच सून. सासू भाज्या चिरते, सून ताटं धुते, आणि दोघी एकमेकींशी बोलायचं ते आत्याच्या मार्फत बोलतात. मुलं आत्याला मावशी म्हणतात.

स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत. एक वाढायची, एक उष्टी ताटं परत घ्यायची. मध्ये भिंत आणि भिंतीला ताटं वाळत घालायची उंच मांडणी. त्यामुळे वाढायच्या खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला परतीच्या खिडकीत काय चाललंय ते दिसत नाही. आत्या एकोणीस वर्षं वाढायच्या खिडकीत उभी होती, हे लक्षात ठेवा.

तिच्याकडे दोन पळ्या. थोरली खोलगट, दांडा एकदा मोडून तारेनं बांधलेला. धाकटी तिच्या निम्मी. भातही त्याच पळीनं, वरची डाळ-भाजीही त्याच पळीनं. पोर खिडकीशी आलं की आत्या त्याला एकदा वरून खाली बघणार आणि हात आपोआप एका पळीकडे जाणार. हाडं दिसतायत, थोरली. गाल फुगलेत, धाकटी. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि याचा तिला केवढा तोरा. डॉक्टरांना काटा लागतो, म्हणायची, मला एक नजर पुरते.

तर या वर्षी सत्र सुरू होताना नेहमीप्रमाणे नर्सबाई आल्या, हॉलमध्ये मुलांची वजनं-उंच्या घेऊन गेल्या, आणि आठवड्यानं मोठ्या बाईंच्या टेबलावर रंगीत तक्ता आला. वजन ठीक असलेल्या मुलांसमोर हिरवा ठिपका, जरा इकडे-तिकडे असलेल्यांना पिवळा, आणि फारच कमी किंवा फारच जास्त असलेल्यांना लाल. लाल ठिपके एक्केचाळीस. त्यात काड्यापण होत्या आणि फुगेपण.

मोठ्या बाईंनी आत्याला बोलावून घेतलं. पालक समितीत कुणीतरी एक कल्पना काढली होती. बाहेरून बंद डबे मागवायचे. प्रत्येक मुलाला मोजून-मापून तेवढंच, झाकणावर सगळं छापलेलं. मग स्वयंपाकघराची गरज नाही. आत्या म्हणाली, आणि माझी? मोठ्या बाई सरळ बाई आहेत, त्यांनी गोड-गोड काही सांगितलं नाही. सत्राच्या शेवटी पुन्हा वजनं होतील, म्हणाल्या. लाल ठिपके तीसपेक्षा कमी झाले तर मी समितीशी तुमच्या बाजूनं भांडेन. नाही झाले तर माझ्या हातात भांडायला काही उरत नाही.

त्या संध्याकाळी आत्यानं गरजेपेक्षा दुप्पट कांदा चिरला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कंबर कसली. कंबर कसली म्हणजे काय, तर थोरली पळी आणखी शिगोशीग आणि धाकटी आणखी उथळ. बारक्या पोरांच्या ताटात डोंगर, जाड्या पोरांच्या ताटात चार घास. सासूला म्हणाली, बघाच तुम्ही, महिन्याभरात सगळ्यांना सरळ करते.

तीन आठवडे असे गेले आणि सुनेच्या पोराला ताप आला. सून रजेवर. सासू म्हणाली माझी कंबर धरलीय, मी त्या ताटांपाशी उभी राहणार नाही. मग वाढायला सासू आणि परतीच्या खिडकीत आत्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिली दहा ताटं तिनं नुसती घेतली आणि बादलीत टाकली. अकराव्या ताटावर हात थांबला. ताटात डोंगर तसाच, बाजूला उंदरानं कुरतडल्यासारखा एक खळगा. ताट धरून उभा होता दुसरीतला टाचणी. पोरं त्याला टाचणीच म्हणतात, आणि तोही ओ देतो.

आत्या म्हणाली, अरे बाळा, तू तर काहीच खाल्लं नाहीस.

"खाल्लं की," टाचणी म्हणाला. "पण ते कमीच होत नाही."

हे सांगताना आत्या अजूनही हातातलं काम थांबवते. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणते. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाला.

मग ती ताटं बघायलाच लागली. एकामागून एक डोंगर परत. आणि मधूनमधून एखादं असं लख्ख ताट की धुवायची गरज नाही. त्यातलं सगळ्यात लख्ख ताट आणलं तिसरीतल्या चष्मेवालीनं. वर्गात तिला पोरं काय म्हणतात ते मी लिहीत नाही. ताट दिलं आणि लगबगीनं दाराकडे निघाली. आत्यानं विचारलं, एवढी घाई कसली, कुठे निघालीस?

"गेटसमोरच्या दुकानवाल्या काकांकडे. उरलेलं जेवायला."

"उरलेलं म्हणजे?"

चष्मेवालीनं चष्मा वर ढकलला. मोठ्या माणसांना सगळं समजावून सांगावं लागतं, असा चेहरा. "मला धाकटी पळी असते ना मावशी. मग शेवटच्या तासाला पोटात आवाज येतो आणि सगळे हसतात. म्हणून मी आधीच वेफर्सच्या दोन पुड्या खाऊन घेते."

आत्यानं विचारलं, धाकटी पळी म्हणून तुला कोणी सांगितलं?

"सगळ्यांना माहितीय. खेळतानासुद्धा आमच्या तशाच टीमा असतात. थोरलीवाले आणि धाकटीवाले."

त्या संध्याकाळी आत्याच्या हातात काहीच नव्हतं. कांदा नाही, सुरी नाही. खुर्चीवर बसून तिनं आम्हाला हे सगळं एका दमात सांगितलं. एकोणीस वर्षं, म्हणाली, मी पोरांच्या टीमा पाडत होते.

माझे बाबा तिच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटे. लहानपणी ते काडीसारखे होते आणि आत्या चांगली गुटगुटीत. अजूनही फोटो बघून दोघं एकमेकांना चिडवतात. बाबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाले, "आईपण बघूनच वाढायची, ताई."

"हो. तुला डोंगर, मला वाटीभर."

"आणि मी टेबलाखालून माझं अंडं तुला द्यायचो."

"मी ते बाथरूममध्ये उभी राहून खायचे," आत्या म्हणाली. हे मात्र बाबांनाही माहीत नव्हतं.

मग आत्या ताडकन उठली, म्हणाली, बास, आणि तिथून जे सुरू झालं ते सांगताना माझाच श्वास पुरत नाही.

तिनं दोन्ही पळ्या मांडणीवर सगळ्यात वर ठेवून दिल्या. कोठीतून तिसरी काढली, मधली, कधीच न वापरलेली. नियम एकच: पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला अर्धी पळी, मग तो टाचणी असो की आणखी कोणी. संपलं की परत या. तीनदा या, पाचदा या, कोणी विचारणार नाही.

आता कोणी विचारणार नाही हे म्हणायला सोपं. आत्याचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक. तोंडानं नाही विचारलं तरी भुवया विचारणार. मग घरी तालीम. ओट्याच्या अलीकडे आत्या, पलीकडे रिकामं ताट घेऊन बाबा. पहिल्यांदा आले, आत्या शांत. दुसऱ्यांदा, शांत. तिसऱ्यांदा एक भुवई हलली. पुन्हा पहिल्यापासून. चौथ्यांदा बाबा इतकं केविलवाणं तोंड करून आले की आत्याला हसू फुटलं. हसायचंही नाही, असं ठरलेलं. पुन्हा पहिल्यापासून. रात्रीचं जेवण त्या दिवशी सगळे चार-चार हप्त्यांत जेवले.

सासूनं ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाली, उद्या पातेलं चाटूनपुसून जाईल, मग तुम्ही-आम्ही काय खायचं?

आणि खरंच की. पहिल्या दिवशी चष्मेवाली पाच वेळा आली. पाचव्या वेळी ती आत्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, आता काही म्हणतील, आता म्हणतील. आत्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावून अर्धी पळी वाढली. धाकटीवाल्यांची सगळी फौज तीन-तीन, चार-चार वेळा येऊन गेली. चौथीच्या शेवटच्या रांगेला भात पुरला नाही, त्यांना अंडी आणि केळी द्यावी लागली. सासूनं नुसतं रिकामं पातेलं उचलून आत्याला आतून दाखवलं.

पण त्याच दिवशी वाढायच्याच खिडकीत एक वेगळं नाटक झालं. टाचणी धावत आला, हातात ताट, डोळे हे एवढे.

"मावशी, ताटाच्या तळाला फूल आहे."

शाळेच्या सगळ्या ताटांच्या मधोमध एक फूल कोरलेलं आहे. टाचणी दीड वर्षं त्या ताटात जेवत होता आणि त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. तो फूल दाखवत अख्ख्या हॉलभर फिरला. दुसऱ्या दिवशी थोरलीवाल्यांत पैज लागली, कोणाचं फूल आधी दिसतं. तिसऱ्या दिवशी टाचणी परत वाढून घ्यायला आला. एकदाच, अर्धी पळी, तीही पूर्ण संपली नाही. पण आत्यानं घरी येऊन असं सांगितलं, जणू त्यानं डोंगर सर केला.

दुसऱ्या आठवड्यात चष्मेवाली चार वेळा. मग तीन. आत्या रोज घरात शिरताना चपला काढायच्या आधी आकडा सांगायची, आणि बाबा क्रिकेटचा स्कोअर ऐकावा तसे कान लावून बसलेले. महिन्याभरानं एकदा चष्मेवाली दुसऱ्यांदा खिडकीत आली, ताट पुढे केलं आणि आत्यानं पळी बुडवल्यावर ताट मागे घेतलं.

"नकोय," म्हणाली. "मिळतं का बघायला आले होते."

मिळतं, आत्या म्हणाली. मग ठीक आहे, असं म्हणून ती खेळायला गेली. आता टीमा कशा पाडायच्या यावरून मैदानात रोज भांडणं चालली होती म्हणे, कारण धाकटीवाले आणि थोरलीवाले असं कोणी उरलंच नव्हतं.

गेटसमोरचे दुकानदारकाका मागच्या दारानं येऊन उभे राहिले. पोरांना काय घालता हो जेवायला, म्हणाले, माझ्या पुड्या पडून राहायला लागल्या. आत्यानं त्यांना अर्धी पळी वाढली. त्यांनी उभ्याउभ्या संपवली, पुन्हा एकदा घेतली, आणि आठवड्याभरात त्यांच्या फळीवर पुड्यांच्या शेजारी केळ्यांची फणी दिसायला लागली. मैत्री नाही म्हणता येणार, पण आता ते आत्याला बघून पाठ फिरवत नाहीत.

एवढं सगळं छान चाललेलं आणि सत्र संपायला आठवडा उरलेला असताना आत्याला अवदसा आठवली. कोठीत बटाट्याची पोती तोलायचा काटा आहे, खाली लोखंडी पाट असलेला. चष्मेवाली मागच्या दारात घोटाळत होती. आत्या म्हणाली, ये, जरा उभी राहा.

चौतीस किलो.

सत्राच्या सुरुवातीच्या तक्त्यात तिचं वजन किती होतं ते आत्याला पाठ होतं. चौतीस किलो. सहा महिने आणि एक ग्रॅम इकडचं तिकडे नाही. मग तिनं एकेक करून धाकटीवाल्यांतली आणखी सात जण गुपचूप काट्यावर चढवली. कुणी तेवढ्यालाच, कुणी अर्धा किलो वरच. उतरलेलं एकही नाही.

घरी आली ती चपला घालूनच आत. बोटांवर हिशेब करत होती. बारकी आठ-नऊ सुधारली असतील. एक्केचाळीसातून नऊ गेले, बत्तीस. तीसच्या खाली नाही. बाबांनी पुन्हा मोजून बघितलं, बत्तीसच. आत्या म्हणाली, "डबे येणार." आणि मग, जरा वेळानं, "पण पुन्हा धाकटी पळी मी काढणार नाही. डबे तर डबे."

वजनांच्या दिवशी मी कामावरून सुट्टी घेतली आणि तिच्यासोबत गेले. आत्या आधी कधी वजनांच्या वेळी हॉलमध्ये गेलेलीच नव्हती. ती वेळ तिची भात चढवायची. या वेळी म्हणाली, पाच मिनिटं बघून येते. हातात मधली पळी तशीच. सासूही म्हणाली पाच मिनिटं. सून म्हणाली, आत्याला उद्देशून, यांना सांगा मीपण येते.

हॉलमध्ये रांग. नर्सबाई टेबलाशी, शेजारी काटा, मागे भिंतीवर उंचीची पट्टी. मुलं काट्यावर चढतात, आकडा होतो, भिंतीला पाठ लावतात, डोक्यावर फळी टेकते, दुसरा आकडा. मग नर्सबाईंचं बोट तक्त्यावर आडवं सरकतं, उभं सरकतं, आणि त्या एक पेन्सिल उचलतात. मोठ्या बाई खुर्चीत, कागदावर लाल ठिपक्यांच्या रेघा मारत. टाचणी भिंतीला पाठ लावताना असा ताठ उभा राहिला की नर्सबाई म्हणाल्या, श्वास सोड रे. पिवळी पेन्सिल. आत्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

चष्मेवाली काट्यावर चढली. चौतीस. आत्यानं डोळे मिटले. चष्मेवाली भिंतीशी गेली, फळी टेकली, एकशे तीस. नर्सबाईंचं बोट आडवं गेलं, उभं गेलं, थांबलं. त्यांनी मागचा तक्ता उघडून बघितला. आणि पिवळी पेन्सिल उचलली.

आत्या रांग मोडून थेट टेबलाशी. "ताई, वजन तेवढंच आहे ना तिचं?"

"तेवढंच आहे."

"मग रंग कसा बदलला?"

नर्सबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "तीन सेंटिमीटर वाढलीय ती. वजन तिथेच थांबलं आणि पोरगी वर गेली. वाढत्या वयात वजन उतरवायची घाई नसते मावशी. उंचीला त्याला गाठू द्यायचं."

"आणि हे मला एकोणीस वर्षांत कोणी सांगितलं नाही?"

"तुम्ही एकोणीस वर्षांत हॉलमध्ये कधी आलात?"

बटाटे उंच होत नाहीत, एवढंच आत्या नंतर घरी म्हणाली.

पुढचा तास मला नीट आठवतही नाही. रांग पुढे सरकत होती, मुलांनी रंग ओरडायला सुरुवात केली होती, हिरवा, पिवळा, हिरवा, लाल, आणि लाल आला की अख्खा हॉल हळहळायचा आणि त्या पोराच्या पाठीवर कुणीतरी थाप मारायचं. सासू आणि सून एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, हे दोघींनी आता नाकारलंय. शेवटचं पोर उतरलं. मोठ्या बाईंनी रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या, चष्मा काढला.

"अठ्ठावीस."

काय गोंधळ झाला ते सांगत नाही. आत्या हातातली पळी डोक्यावर धरून नाचत होती आणि तिच्याभोवती दोनशे चौदा मुलं. मोठ्या बाई हसत होत्या. मग त्यांची नजर घड्याळाकडे गेली आणि हसू हळूहळू ओसरलं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "जेवण?"

आत्यानं सासूकडे बघितलं. सासूनं सुनेकडे. तीन शेगड्या, तिन्ही थंड. तांदूळ पाण्यात भिजत पडलेले, डाळ डब्यात, भाजी अर्धी चिरलेली. पाच मिनिटांसाठी म्हणून आलेल्या तिघी पावणेदोन तास हॉलमध्ये उभ्या होत्या.

"नेमके आजच," मोठ्या बाई म्हणाल्या, "डबे असते तर बरं झालं असतं."

मग जी पळापळ झाली. सासू आणि सून थेट एकमेकींशी बोलल्या, मध्ये कोणी न लागता, म्हणजे ओरडल्याच, पण थेट. मला भाजी चिरायला बसवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शाळेचं जेवण पन्नास मिनिटं उशिरा झालं. मुलं खिडकीशी ताटं वाजवत उभी.

पहिली चष्मेवाली. आत्याच्या अंगात आनंद मावत नव्हता, तिनं पळी पातेल्यात खोल बुडवली आणि शिगोशीग भरून वर काढली.

चष्मेवालीनं ताटावर आडवा हात धरला.

"मावशी, अर्धीच," ती म्हणाली. "मी परत येणार आहे."